डावा बूट

मानवतच्या जिनिंगमागं आता प्लॉट पडलेत,
चुन्याच्या रेघा, नंबर टाकलेले दगड.
सतरा नंबरात, बोरीच्या झुडपापाशी
तिसरं वळण होतं.
एजंटाला सांगितलं तर म्हणतो,
काका, कॉर्नरचा रेट जास्तच असतो.

कापूस उठला की चैतात मैदान मोकळं.
बॉयलरची राख गाड्या भरभरून ओतायची,
काळ्या मातीच्या भेगा बुजवायच्या,
वर टँकरचा एक फेरा, तोही उधारीवर.
चार गाड्या, चार फेऱ्या,
ब्रेक काढून गोणपाटात बांधलेले
अन् वळायचं फक्त डावीकडं.
डाव्या बुटाला लोखंडाचा तळ,
मोडक्या फाळातून किसन लोहारानं ठोकलेला.
तो टेकवून गाडी आडवी घातली
की दिवेलागणीला राखेतून ठिणग्या निघायच्या
आणि सरकीच्या ढिगावर बसलेलं अख्खं गाव
एकदम उभं राहायचं.

हॉटेलात अजून भांडण मिटलेलं नाही.
"दस्तगीर फिटर! तो गाडी वळवायचाच नाही,
गाडीला वळण आठवून द्यायचा."
"अन् तौर काय कमी होता का?
अंकुश तौर सुटला की माणसं टोप्या धरायची."
कुणी सेलूच्या भुजंगाचं काढतं,
क्लचची वायर तुटून हातात आली
तरी दुसरा आला पठ्ठ्या.
कुणी जिंतूरच्या त्या पोराचं,
नाव कुणालाच सांगता येत नाही,
फक्त पिवळा स्वेटर. ऐन मे महिन्यात.

मग गाडी येते एक्क्याऐंशीवर.
दोघंच. दस्तगीर आणि तौर.
पैज एका मॅग्नेटोची,
एक रेस याची, एक त्याची,
तिसरी उरलेली.
झेंडा माझ्या हातात. सोळा वर्षांचा मी,
झेंडा म्हणजे दस्तगीरच्या मामूची चौकड्याची लुंगी.
शेवटच्या वळणावर राखेची भिंतच उठली
आणि माझ्या दोन्ही डोळ्यांत शिरली.
आवाज पुढून गेला तशी लुंगी खाली आणली.
डोळे उघडले, तर गाड्या पार बोरीपर्यंत गेलेल्या
आणि सगळी माणसं माझ्याकडं बघायलेली.

मी म्हणलं, दस्तगीर.

का म्हणलं?
त्यानं माझ्या सायकलचं पंक्चर फुकट काढलं होतं, म्हणून?
लुंगी त्याच्या घरची होती, म्हणून?
की नुसतं जिभेला ते नाव जवळ पडलं?
तौर काही बोलला नाही.
गाडीला टेकून बसला, बूट काढला,
त्यातली राख ओतली, बराच वेळ ओतत राहिला.

आता हॉटेलात प्रत्येकानं ती रेस पाहिलेली आहे.
अर्ध्या चाकानं, कुणी म्हणतं वीतभरानं.
जे त्या दिवशी पाथरीला लग्नात होते
त्यांना तर फारच स्पष्ट दिसलं.
दस्तगीर गेला, त्याच्या मातीलाही हेच बोलणं.
मी चहा पितो. कुणी विचारलं तर म्हणतो,
झेंडा पडला तसा पडला.

मागच्या पोळ्याआधी तौर आला,
नातवाच्या स्कूटीवर मागं बसून.
डावा पाय ओढत चालतो आता.
अर्धा कप सांगितला.
पोरांनी घेरलं, आजोबा, खरं सांगा, कोण होतं पुढं?
त्यानं बशीत ओतलेला चहा फुंकला.
"मला काय ठावं रे. माझ्या डोळ्यांत राख होती."
आणि माझ्याकडं बघितलं,
रागानं नाही,
किती वाजले असं विचारताना बघतात तसं.

जाताना पिशवीतून काढून
तो तळ माझ्या टेबलावर ठेवला. का, ते सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
पंख्यानं पेपर उडतो, त्यावर ठेवतो आता.
पोरं उचलून बघतात, जड आहे म्हणतात.
एकाच बाजूनं झिजलाय,
नखाएवढा पातळ,
धरताना सांभाळून धरावा लागतो.