पातेलं रिकामं परत करू नये

नऊ वर्षांनी गावात लक्ष्मीची जत्रा भरली.
गल्लीगल्लीत मांडव, बेळगावहून जादा गाड्या,
आणि तिसऱ्या दिवशी, दर जत्रेसारखं,
चौगुल्यांच्या नागूनं भिंतीवरून पातेलं दिलं:
“घे गं एस्तेर, गरम हाय तवर खा की.”

माझे वडील मंडळीचे पंच.
ते म्हणायचे, दगड तो दगड, मटण ते मटण,
मधे कुणाला बसवायचं ते आपल्या हातात.
आभार माना आणि नळी नीट चोखा.
तीन पिढ्या आम्ही ह्या भिंतीवरून जेवलो.
मीही जेवले,
उंबऱ्याकडं तोंड करून, निवांत,
बोटं चाटत.

दुर्गव्वा कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

हिनं एकोणीस वर्षं डोक्यावर जग वाहिला,
सौंदत्तीच्या डोंगरावर, दारोदार.
हिची जट मीच कापली,
गेल्या ईस्टरच्या आधल्या शनिवारी.
पाळकांची प्रार्थना संपत आली
तरी शाळेची कात्री चालेना,
मग धनगराकडून लोकरीची कातर आणवली.
कापलेली जट हातात आली
तेव्हा झोपलेल्या पोरासारखी जड लागली होती.

ती पातेल्याकडं बघत राहिली.
“मास्तरीणबाई, तुमी खाताय?”
“खाते. त्यात काय असतंय?”
“कायबी नसतंय?”
“कायबी नसतंय.”
मग तिनं एक तुकडा उचलला.
तोंडात घालताना डोळे मिटले,
कडू औषधाला मिटतात तसे.
मला वाटलं, शिकली.

तिसऱ्या रात्री तिची भाची
मोबाइलचा उजेड पाडत बोलवायला आली.
दुर्गव्वा अंगणात, दोन्ही हातांनी डोकं चाचपत.
“परत आली, बाई. बगा की, हितं. जड लागायलंय.”
बोटभर केस. तेल लावलेले.
“काही नाही गं,” मी म्हणाले,
आणि माझाच शब्द माझ्या तोंडात
गार रश्श्यावरच्या चरबीसारखा थिजला.

माझं खरंच होतं. आजही खरं आहे.
पाळकांना तसं सांगितलंही, जरा चढ्या आवाजात:
तिच्या भीतीच्या मापानं मी माझं ताट का वाढावं?
उद्या म्हणेल झेंडू नको, हळद नको,
परवा म्हणेल नागूच नको.
पाळक बशीत चहा गार करत बसले.
काही बोलले नाहीत, ह्याचाच राग आला.

सोमवारी वर्गात अपूर्णांक.
मागच्या बाकावरचा पोरगा मान डोलावत होता,
त्याला कळलेलं नव्हतं,
मी मान डोलावते म्हणून डोलावत होता.
फळा पुसायला डस्टर उचललं
आणि तशीच उभी राहिले.

नागूला सांगणं सगळ्यात अवघड.
“आता बाटलं व्हय गं आमचं?”
“नाही गं. मला काही नाही. पण एकीला झोप येत नाही.”
ती पाठ करून भांडी घासत राहिली.
“काल आलेलीच्या झोपेसाठी
चाळीस वर्षांची मी.”
पुढचं तिनं राखेनं घासून टाकलं.
ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.
अजून नाही.

पातेलं रिकामं परत करू नये,
म्हणून रताळी भरली, तांबड्या मातीसकट.
“द्या, मी पोचवते,” दुर्गव्वा म्हणाली,
आणि सवयीनं उचलून डोक्यावर घेतलं.
दोन पावलं गेली. थांबली.
मी काही म्हणणार होते, पण गप्प राहिले.
तिनं पातेलं सावकाश खाली उतरवलं,
कडेवर घेतलं,
आणि नागूच्या दाराकडं वळली.