नाकासमोर

एजिदिओ झुपिन म्हणतो,
"डॉक्टर, मी आयुष्यभर नाकासमोर चाललो."
पडद्यावर त्याच्याच नाकाचा पडदा:
डावीकडे झुकलेला, मध्येच विचार बदलून परत फिरलेला.
मी काही बोलत नाही.

चाळीस वर्षं त्रिएस्तेच्या बंदरावर
पोती उतरायची, हा चमचाभर कॉफी सुर्रकन ओढायचा
आणि सांगायचा, ह्या पोत्याने वाटेत पाणी प्यायलंय.
दोन हिवाळ्यांपूर्वी वास गेला.
आधी धुराचा, मग बायकोच्या मानेचा,
मग कुठला गेला तेही कळेना.

रात्रीचे साडेदहा. बाहेर बोरा सुटलाय,
खिडक्या दातओठ खातायत.
मी स्कॅनच्या चकत्या एकेक खाली सरकवते.
उजवं डावीकडे दिसतं, डावं उजवीकडे;
वीस वर्षं झाली, तरी अजून
स्वतःच्या गालाला बोट लावून खात्री करते.

गालामागची पोकळी ठीक.
कपाळामागची उजवीकडे उगवलीच नाही, नुसतं हाड.
मधल्या शिंपल्यात हवा शिरून त्याचा फुगा झालेला.
चालतं. पुस्तक ह्याला प्रकार म्हणतं,
आणि व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणत
आपण पान उलटतो.

पण मेंदूखालचं छप्पर
एका बाजूला चार मिलिमीटर खोल, दुसरीकडे नऊ,
आणि त्या खोलीची भिंत कांद्याच्या पापुद्र्याएवढी.
सगळ्यात मागे एक आगाऊ कप्पा,
दुसऱ्याच्या डोक्यावर चढून बसलेला;
त्यातून, अंगावर हाडाचं पांघरूण न घेता,
डोळ्याची नस गेलीय,
न्हाणीघरातून उघडी वीजतार जावी तशी.

माझा बाप वरच्या कार्स्ट पठारावरचा.
रविवार म्हणजे दोर, कार्बाइडचा दिवा, गुहा.
वहीत पेन्सिलने नकाशे काढायचा
आणि प्रत्येकाखाली लिहायचा: फक्त हिच्यापुरता.
एका गुहेचा नकाशा घेऊन
शेजारच्या गुहेत उतरलेला एक मुलगा होता.
त्याला चौथ्या दिवशी वर आणलं.
बाप एवढंच सांगायचा. पुढचं मी कधी विचारलं नाही.

सकाळी भूल चढते.
द्राक्षांसारखे फिकट कोंब निघतात, एकामागून एक,
वाट रुंदावते, रक्त थोडं, सगळं शहाण्यासारखं.
मग तो कप्पा. त्याची भिंत आतून फुगलेली,
एका चिमट्यात सुटेल अशी.
"हाही उघडायचा ना?" याद्रांका विचारते, शिकाऊ आहे, उत्साही.
माझा हात आधीच निघालेला असतो.
हातांना सवय असते, स्कॅन हातांनी कुठे पाहिलेलं असतं!

"नाही."
चिमटा मागे येतो. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं.
बापाची रेघ जिथे थांबायची तिथे तो बारीक फुली मारायचा.
मी रिपोर्टात लिहिते: मागचा कप्पा, उघडला नाही.

सहा आठवड्यांनी एजिदिओ येतो,
कोटाच्या खिशात कागदाची पुडी, भाजलेल्या बिया.
एक नाकपुडी दाबतो, हुंगतो. दुसरी दाबतो.
"डावीला कळतंय. उजवी अजून संशय घेते."
मग पुडी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरतो,
दोन्ही डोळ्यांनी एकेक बी निरखतो,
आणि चिडून म्हणतो,
"ही भाजताना कुणीतरी दोन मिनिटं झोपलं होतं."