एक

पप्पांच्या मंडळीत साडेआठला उपासना,
आईच्या देवळात नऊला मिस्सा.
भायखळ्याच्या पुलाशी आम्ही तिघं एका टॅक्सीतून उतरायचो
आणि दोन दिशांना जायचो.
मी कुणाबरोबर, हे तारखेवर:
सम असेल तर पप्पा, विषम असेल तर आई.
एकतीसचा महिना संपला की
कुणाला तरी सलग दोन रविवार मिळायचे.
आईला मिळाले की पप्पा म्हणत,
"कॅलेंडर पोपनंच केलंय, दुसरं काय होणार."

शांतवन वैरागर, मूळचे नगरचे,
छापखान्यात प्रूफं तपासायचे.
ब्रिजित, माझगावची, माथारपाखाडीतली,
बँकेत नोटा मोजायची.
"खडकावर बांधलेली एकच," आई म्हणे.
"खडक म्हणजे पेत्र नव्हे, पेत्राची कबुली,"
असं म्हणत पप्पा माशाचा काटा काढून
तिच्या ताटातला तुकडा मऊ करून ठेवत.

आईच्या शेजारच्या काउंटरवर एलियम्माबाई:
"आमच्याकडे तोमा आला ना, तेव्हा तुमचं रोम
सिंहांना माणसं चारत होतं."
आणि वरच्या मजल्यावरचा पास्टर जेबाकुमार
आम्हा तिघांनाही पुन्हा पाण्यात बुडवायला तयार.
त्याची मंडळी कुर्ल्याला, गॅरेजच्या माळ्यावर.
चौतीस माणसं.
खरी तेवढीच.

मतांगीकारात पप्पा म्हणत "एक, पवित्र, सार्वत्रिक",
आई म्हणे "एक, पवित्र, कॅथलिक".
"अर्थ तोच," पप्पा म्हणायचे,
"तुमच्यांनी फक्त भाषांतर करायचं टाळलं."
मी तेव्हा तिसरीत.
विचारलं, "एक होता राजा, म्हणजे दुसरा राजा नव्हताच का?"
पप्पांनी लाल पेन खाली ठेवलं.
"ते 'एक' वेगळं."
"कशावरून?"
"वाक्यावरून."
आई चुलीकडे तोंड करून हसली.
पुढं काही सांगितलं नाही त्यांनी, कधीच.

ते गेले तेव्हा शिवडीला वाटेच्या अलीकडे पुरलं.
आईची माणसं वाटेच्या पलीकडे.
मुंबईत मेल्यावरही जागा भाड्याचीच,
दोन वर्षांनी चिठ्ठी आली, खड्डा मोकळा करा.
खोदणाऱ्या दत्तूनं हाडं पांढऱ्या फडक्यावर मांडली,
मग मूठ उघडली.
काळे लाकडी मणी, दोरा कुजून गेलेला.
"बाई, हे तुमच्या माणसाचे नसणार.
या बाजूला माळ नसते."

आई माझ्याकडे बघेना.
"पेटी बंद करताना. कोटाच्या आतल्या खिशात."
"विचारलं असतंस तर?"
"नाही म्हणाला असता."

तिनं ते रुमालात घेऊन मोजले,
बोटं नोटांची सवय विसरली नव्हती.
चव्वेचाळीस. हवेत एकोणसाठ.
दत्तू चाळण आणायला निघाला.
"राहू दे," ती म्हणाली.
वाटेच्या अलीकडे, त्या मातीत, पंधरा अजून आहेत.

मला माहीत आहे, दोघांपैकी कुणीतरी चुकत असणार.
दोघंही बरोबर, असं लिहिणं सोपं आहे,
पप्पांनी ते वाक्य समासात प्रश्नचिन्ह टाकून
परत पाठवलं असतं.
आईनंही तशी सूट मागितली नाही.
कचेरीत कारकुनानं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं:
नाव, वय, पंथ.
माझं पेन तिसऱ्या रकान्यावर थांबलं.
रुमालाची गाठ मारता मारता ती म्हणाली,
"तो होता तेच लिही.
आणि ऱ्हस्व-दीर्घ बघ,
नाहीतर उठून बसेल."