पाच हळकुंडं

सौदे उरकले की सांगलीच्या यार्डात
हळदीची धूळ रात्रभर खाली बसत राहते.
मी मापाडी. हंगामात काट्याशेजारीच झोपतो.
राखणीला बाबालाल मुजावर, हातात मोबाइलचा उजेड.

पुतणीनं शिकवलेला खेळ मी त्याला दाखवला.
गोदामाची शहाबादी फरशी हाच पट.
एका फरशीवर एक हळकुंड, किंवा काही नाही.
शेजारी आठ, कोपरे धरून.
दोन-तीन शेजारी असले तर राहायचं,
कमी असले तर एकटेपणानं जायचं,
जास्त असले तर गर्दीनं.
रिकाम्या फरशीला नेमके तीन लागले
तर तिथं नवं मांडायचं. बास.
आमच्या सोसायटीचे पोटनियम चाळीस पानं आहेत.

आधी चुकलंच.
बाबालाल मोजता मोजता उचलायचा,
पुढच्याचा हिशेब बिघडायचा.
"सगळ्यांची पट्टी एकदम निघाली पाहिजे," मी म्हणालो.
मग त्यानं खडू आणला.
जाणाऱ्याला फुली, येणाऱ्याला गोल,
फेरी पुरी झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

तीन ओळीत ठेवली: उभी, आडवी, उभी, आडवी,
झोप न लागणाऱ्या माणसासारखी.
चार चौकोनात: ढिम्म.
मग पाच.
वर मधे एक, खाली उजव्या हाताला एक, तळाला तीन.
चार फेऱ्यांनी पुन्हा तोच आकार,
एक फरशी तिरका पुढं.
आणखी चार. आणखी.

"चाललंय की ह्ये!"
उजेड त्याच्या हातात हलला.
"कायद्यात कुठं हाय चालायचं?"

नव्हतं. मी पुन्हा आठवून बघितलं.
एकही हळकुंड सरकलं नव्हतं.
उचललेलं मुठीत, मुठीतलं फरशीवर, एवढंच.
मग पोत्यांच्या थप्पीपासून इथवर
आलं कोण?

अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली माणसं
रोज काट्यापाशी भेटतात.
पाचांनी वाटेला लागलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो,
आणि नख लागेल म्हणून बोटं आवरत होतो.

पहाटे तीनला ते भिंतीला लागलं.
चार उरली, मग तीन,
मग चारांचा चौकोन होऊन बसलं.
भिंतीपलीकडं शेजारी नसतात.
बाबालालनं दहा फेऱ्या मोजल्या.
शेवटची तर त्यानं दोनदा मोजली.
मग पायानं खडू पुसला.

हमाल यायच्या आत
पोत्यातून पाच काढली होती, चार परत टाकली.
पोतं चढवून बघितलं,
काट्याला काही कळलं नाही.
बाबालाल चहाला निघाला,
एक हात खिशात.