वर्षाला एकशे नव्व्याण्णव

उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथवर उभा राहिलो.
ड्रॉइंगवर लिहिलेलं असायचं, इतकं चालेल, याच्या पुढं नाही.
दोन शतांश वाढलं की पीस भंगारात.
मालक ओरडायचा, पायगोंडा, लिमिट बघ, लिमिट.
म्हणून कार्डासोबत आलेलं पुस्तक
मी फेकलं नाही.

राजारामपुरीच्या बँकेतली पोरगी म्हणालेली,
काका, फी वर्षाला फक्त एकशे नव्व्याण्णव
आणि परदेशात विमा फुकट.
फुकट म्हटलं की माझा हात
आपोआप मायक्रोमीटरकडं जातो.

जेवण दिवस मावळायच्या आत झालेलं, आमच्यात तसंच.
सुलोचना कारळाची चटणी डब्यात दाबून भरत होती,
ऑकलंडला पोरीकडं न्यायची.
मी भिंग काढलं. कास्टिंगमधली चीर बघायचं, तेच.
अक्षरं मुंगीच्या पायाएवढी.

पान सात.
तिकीट याच कार्डावर काढलेलं असेल तरच.
कार्डाची मर्यादा नव्वद हजार,
दोन तिकिटं बसत नाहीत त्यात,
एक बसतं.

पान नऊ.
सामान बारा तासांहून जास्त उशिरा आलं तर.
म्हणजे अकरा तास एकोणसाठ मिनिटं
बिनकपड्याचा बसलो तरी पीस ओके.
आणि हरवलंच, तर खाद्यपदार्थ सोडून भरपाई.
(सुलोचनाला हे सांगितलं नाही.)

दवाखान्याचा खर्च मिळेल,
त्यातले पहिले शंभर डॉलर आपण सोसायचे.
आधीपासूनचा आजार असेल तर सगळेच.
वय पासष्ट पूर्ण होईस्तोवर.
मला पासष्ट पुरी होतात अकरा डिसेंबरला,
परतीचं विमान चौदाला.
तीन दिवस मी ओव्हरसाइज.

एवढं चालतं. टॉलरन्स म्हणजे तेच की,
कुठंतरी रेघ मारावीच लागते,
आणि रेघेपलीकडं कुणीतरी असतंच.
मी स्वतः किती चांगले दिसणारे शाफ्ट
नो-गो गेजात अडकले म्हणून
बाजूला टाकलेत.

मग पान अकरा.
विमा फक्त कार्डधारकाला.
कार्डधारक म्हणजे कार्डावर ज्याचं नाव आहे तो.
मी परत पहिल्या पानापासून भिंग फिरवलं,
पत्नी हा शब्द शोधत.
पूर्ण पुस्तकात एकदाच सापडला,
शेवटून दुसऱ्या पानावर,
मृत्यू झाल्यास रक्कम कुणाला, तिथं.

म्हणजे मी मेलो तरच ती आहे.

"काय म्हणतंय पुस्तक?" तिनं डब्याचं झाकण लावत विचारलं.
"म्हणतंय, तू चुकूनसुद्धा आजारी पडू नकोस."
"मग तुम्हीच पडा की. तुमचं फुकट हाय."

हसलो दोघं. तिचं बीपी एकशे साठ,
गोळ्या स्टीलच्या डबीत, उशाशी,
आधीपासूनचा आजार,
माझ्याशी लग्न झाल्यापासूनचा, ती म्हणते.

राग कुणावर धरायचा?
पुस्तक खोटं बोललं नव्हतं. पोरगीही नाही,
तिला विचारलं असतं तर तिनं पान अकरा काढून दाखवलं असतं.
मीच विचारलं नाही.
एकशे नव्व्याण्णवात किती धातू येतो
हे मला कळायला पाहिजे होतं.

सकाळी शाहूपुरीत तांबोळीच्या ऑफिसात गेलो,
दोघं, स्कूटरवर, फायली पिशवीत.
तिच्यासाठी वेगळी पॉलिसी, बीपीसकट,
साडेसहा हजार. माझ्या तीन दिवसांचे वरती.
तांबोळीनं अर्ज तिच्यापुढं सरकवला.
तिनं चष्मा लावला, पेन झटकलं,
सावकाश लिहिलं, सुलोचना पायगोंडा मगदूम.
खाली वारसाच्या रकान्यात माझं नाव.
नातं, पती.
त्या दोन अक्षरांवर ती जरा थांबली,
मी खिडकीतनं रस्ता बघत राहिलो,

तोवर तिनं अर्ज उलटा केला, मागचं पान चाळलं
आणि विचारलं,
"तांबोळी, ह्यात चटणीचं कुठं लिहायचं?"