चौथा मजला

वीज गेली की मी आधी घड्याळ बघते.
जनरेटर धरायला अकरा सेकंद.
अकरा सेकंद इन्क्युबेटरच्या दाराला पाठ लावून उभी,
आतली ऊब माझ्या पाठीनंच अडणार असल्यासारखी.

आत एका चिनी हॅमस्टर मादीच्या अंडाशयातल्या पेशी.
ती मरून चाळीस वर्षं झाली,
पेशींना कुणी कळवलेलं नाही. त्या वाढताहेत.
त्यांच्यात आम्ही माणसाचं एक जनुक खोवलंय,
मूत्रपिंडानं हाडांना धाडायचा निरोप:
रक्त कर. अजून कर.

एवेलिओची मूत्रपिंडं गेली
आणि त्याच्या हाडांना निरोप येईनासे झाले.
मज्जा बसून राहिली, हाताची घडी घालून.
ट्रॉम्बोन वाजवायचा तो, लग्नात, मयतीत, कुठंही.
आता आमच्या इमारतीच्या जिन्यात
प्रत्येक मजल्यावर थांबतो, पांढराफटक,
"दमलो नाही, निउर्का. भिंत पडू नये म्हणून टेकलोय."

पहिल्या खेपेला प्रथिन निघालं, पण रक्तात टिकेना.
साखर कमी पडतेय, म्हणाल्या डॉक्टर ओदालिस.
या रेणूला साखरेच्या झिरमिळ्या लागतात,
त्या नसल्या की यकृत त्याला गिळून मोकळं होतं.
कुणीतरी फिस्सकन हसलं, मग कुणालाच आवरेना.
हवानात, उसाच्या बेटावर,
शिधापुस्तक दाखवून साखर मोजून आणणाऱ्या आम्ही चौदा जणी
एका रेणूला साखर कशी पुरवावी याचा खल करत होतो.

खल सात महिने चालला.

सप्टेंबरात एवेलिओला सुई, आठवड्यातून तीनदा.
पाच पूर्णांक आठ. सहा पूर्णांक दोन.
मग आठ.
मी आकडे बघत होते, त्याला बघायला वेळ नव्हता.

एका रात्री वीज नव्हती. जिन्यात पावलं.
पहिला मजला. दुसरा. तिसरा.
थांबली नाहीत.
मी दार उघडलं तर तो समोर,
आणि बरीच मागं, मेणबत्ती सांभाळत, धापा टाकत, कारिदाद.

"तू माझी पंचाईत केलीस," तो म्हणाला.
"मला भूक लागते.
तीन वर्षं माझ्या वाटणीचा पाव ही खायची.
आता मी काय खाऊ, आणि ही काय खाणार?"

याचं उत्तर आमच्या कुठल्याच वहीत नव्हतं.
घरात एक उकडलेलं रताळं होतं.
कारिदादनं फुंकर मारून मेणबत्ती विझवली,
आणि मगच त्याचे तीन तुकडे केले,
कुणाचा मोठा ते दिसू नये म्हणून.