हेवी

आग्रा रोडच्या साडीच्या दुकानात कामाला लागले
तेव्हा झुंबरशेठनं मला एकच प्रश्न शिकवला.
गिऱ्हाईक गादीवर टेकलं की विचारायचं,
"हेवी दाखवू, का लाइट?"

हेवी म्हणजे वजन नव्हे, हे मागाहून उमगलं.
हेवी म्हणजे पदराला जरदोसी, काठाला खडे.
नवरीची हेवी, वरमाईची त्याहून हेवी
(यावर भांडणं झालेली मी पाहिलीत),
मावशीची जरा कमी.
एखादी बाई हेवीला नुसता हात लावते,
टॅग उलटून बघते,
"रंग डोळ्यात भरत नाही गं," म्हणते
आणि मी घडी घालते.

घरी हा शब्द माझ्या आधीपासून राहायला होता.
अण्णांचं लायसन हेवी.
सोयरिकीत आई सांगायची,
"आमच्या ह्यांचं हेवी आहे,"
पुढे वाहन वगैरे काही न जोडता,
आणि समोरची मंडळी चहाचा कप जरा सावरून धरायची.

दोंडाईच्याची मिरची भरून
अण्णा बिजासनीचा घाट चढायचे.
मिरची फसवी. गाडी आभाळाएवढी दिसते,
काट्यावर निम्मीही भरत नाही.
परत आले की तीन दिवस
आमचं अख्खं घर शिंकायचं.

बाकी गावात हेवीला काही धरबंध नाही.
देवपुरात खोली हेवी डिपॉझिटवर मिळते.
डॉक्टर म्हणतात रात्री हेवी खाऊ नका,
म्हणजे शेवभाजी नको, असं नाव घेऊन सांगत नाहीत.
आमचा गोटू पिक्चर पाहून येतो, "हेवी होता ना भो."
गणिताचा पेपर बुडाला, तोही हेवी.
समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणी राहायला आलं,
हेवी.
एवढ्याशा पोराच्या तोंडात एवढा मोठा ट्रक.

सोनगीरहून आणलेली आईच्या लग्नातली तांब्याची घागर
जड आहे.
तिला हेवी म्हणून बघा, हसू येईल.
झोपलेलं लेकरू जड होतं. जीभ जड होते.
निघताना पाऊल जड होतं.
भारी म्हणावं तर ते महागही असतं आणि झकासही.
मग हेवीत असं काय आहे
जे आमच्या दोन शब्दांत मावेना?
बघणाऱ्याला दिसतं ते हेवी,
उचलणाऱ्याला कळतं ते जड,
असं काहीसं मी एका बिलाच्या पाठीवर लिहिलं.
शेठनं त्याच पाठीवर
फॉल-पिकोचा हिशोब मांडला.

मार्चमध्ये अण्णांची नजर तपासली. साखरही तपासली.
साहेब वाईट नव्हता, खुर्ची दिली त्यानं.
म्हणाला, "हेवी आता होणार नाही काका.
लाइट चालवा ना, कार वगैरे."
कार. आमच्या दारात
एक सायकल, तीही गोटूची.
पायऱ्या उतरताना अण्णा म्हणाले,
"आते मी लाइट,"
आणि आपल्याच विनोदावर एकटे हसले.
मी फाइल नीट करत राहिले,
ती नीटच होती.

हल्ली संध्याकाळी मला घ्यायला लवकर येतात.
दारापाशी स्टुलावर बसतात, रस्त्यावरचे टायर बघतात.
परवा गर्दी होती, गादीवर साड्यांचा ढीग.
न विचारता त्यांनी एक उचलली,
तळहातावर तोलली,
आणि ताडपत्रीची घालतात तशी घडी घातली,
आधी कोपरे, मग मधोमध, वरून गुडघा.
शेठ ओरडणार, म्हणून मी डोळे मिटले.
शेठ म्हणाला, "जरीवर गुडघा नको काका. घडी बरीय."

मी शिडीवर होते, वरच्या फळीतून पैठणी काढत,
तेवढ्यात दोघी जणी आत आल्या.
कुणीच मोकळं नव्हतं.
अण्णांनी घसा खाकरला, टोपी सरळ केली
आणि त्यांना विचारलं,
"हेवी दाखवू?"

लाइटचं त्यांनी विचारलंच नाही.